सटवीनं ओ दिली

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात एकादशीचं भजन संपलं की कुणीतरी आपला अनुभव सांगतं. कुणाला स्वप्नात दृष्टान्त झालेला असतो, कुणाचा ताप अंगाऱ्यानं उतरलेला असतो. सांगणारीचा आवाज मऊ असतो, ऐकणाऱ्या पदरानं डोळे पुसतात आणि मग खिरापत वाटली जाते. मला पुष्कळदा आग्रह झाला. दरवेळी मी चपला शोधायला लागते. माझा अनुभव शांत नाही, रागाचा आहे. त्याची सुरुवात शिवीनं होते, आणि ती शिवी मी देवीला दिलेली आहे, तीही दवाखान्याच्या व्हरांड्यात, दहा माणसांदेखत. आता वय झालं. न सांगता ठेवलं तर ते माझ्याबरोबरच जाईल, म्हणून लिहिते. ज्यांना मऊ आवाजाची सवय आहे त्यांनी सांभाळून घ्यावं.

माझं माहेर पाथरीकडचं. गावाबाहेर बोरीखाली सटवाईचं ठाणं आहे, म्हणजे शेंदूर फासलेले दगड आणि वर एक फाटकं निशाण. सटवाई ही लेकरांची देवी. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी ती येते आणि त्याच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं आम्ही मानतो. माझं जावळ तिथंच काढलेलं. लग्न होऊन सेलूला आले. मला शाळेत नोकरी होती, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये होता, सगळं होतं. फक्त कूस उजवत नव्हती. वांझ हा शब्द कुणी तोंडावर बोलत नाही, पण हळदीकुंकवाच्या ताटातून तो बरोबर पोचवतात. बरीच वर्षं सोसलं आणि शेवटी माहेरी जाऊन त्या बोरीखाली बसले. म्हटलं, बाई, तू देशील तर मी जन्माची तुझी. त्याच वर्षी दिवस राहिले, आणि तेही जुळ्याचे. मी सटवाईला हिरवी चोळी घातली, वेणी वाहिली. तिच्यावर माझा असा विश्वास बसला की ठेच लागली तरी तोंडातून तिचंच नाव यायचं.

आणि आठवा लागता लागता, दिवस भरायच्या कितीतरी आधी, कळा सुरू झाल्या.

आमच्याकडे एक म्हणणं आहे की सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. कुणी ठरवलं कोण जाणे. पण सेलूहून परभणीला नेणाऱ्या जीपमध्ये माझ्या सासूबाई, म्हणजे अत्याबाई, बोटांवर महिने मोजत होत्या. मी कळा देत होते आणि त्या विचारत होत्या, "नक्की कितवा गं? सातवाच हाय ना?" जणू मी सातवा म्हटलं की देव फसणार होता. परभणीत रात्रीतून दोन्ही जन्मली, आधी मुलगा, मग मुलगी. माझ्या हातात कुणी दिलीच नाहीत. फडक्यात गुंडाळून शेजारच्या लहान मुलांच्या दवाखान्यात नेली. तिथं काचेची पेटी होती, आत ऊब राहावी म्हणून. पेट्या मोजक्याच, आणि एकच रिकामी. अत्याबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "पोराला ठिवा पेटीत." डॉक्टर थकलेले गृहस्थ होते, बोलायचे तेही भिंतीकडे बघून. त्यांनी दोघांना एकाच पेटीत उलटसुलट ठेवलं, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायांशी. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांचे पुढचे सगळे अपराध माफ केले.

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला माया आली नाही. हे कुणी लिहीत नाही, मी लिहिते. मला राग आला. सोललेल्या चिमण्या असाव्यात तशी ती दिसत होती. नाकात नळी, हाताला सुई, अंगावर कातडी सैल झालेली. मनात आलं, हे काय दिलंस? द्यायचं होतं तर पुरतं द्यायचं, नाहीतर मला वांझच ठेवायचं. मी मागितलं ते लेकरू होतं, काचेतून बघायची वस्तू नव्हती. बाहेर एक पाटी होती, 'आत जाऊ नये'. आईनंसुद्धा ठरल्या वेळी, हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून जायचं आणि काचेला हात न लावता परत यायचं. बाकी वेळ व्हरांड्यातल्या बाकावर. भेटायला येणारी माणसं मला चहा द्यायची आणि एकमेकांना हळूच विचारायची, "आठवा लागला व्हता का?" एका चुलतसासूनं तर सांगितलं, फार जीव लावू नकोस. मी तिला सांगितलं, घरी जा. ती रुसली, ते बरंच झालं.

खरी अडचण दुधाची झाली. मला पान्हा फुटेना. शेक झाला, शतावरी झाली, अळीव झाले, पण छाती कोरडीच. दवाखान्यातली नर्स डब्यातल्या पावडरचं दूध नळीनं पोटात सोडायची, आणि ते लेकरांना सोसत नव्हतं. पोट फुगायचं, दूध तसंच परत यायचं. डॉक्टर भिंतीला म्हणाले, "अंगावरचं दूध मिळालं तर लेकरं तग धरतील. असंच चाललं तर सांगता येत नाही." पिळून पिळून माझे चार थेंब वाटीत पडले की अत्याबाई वाटी हातात घेऊन म्हणायच्या, "पोराला द्या." मी म्हणायचे, दोघांना. त्या म्हणायच्या, "चार थेंबांचे काय भाग करतीस?" आणि तेवढ्यात दूध गार व्हायचं.

त्यातच बंद आला. ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं की नाही यावरून अख्खा मराठवाडा दुभंगला होता. मागे खेड्यांतल्या वस्त्या जळाल्या होत्या, त्या जळलेल्या भिंती अजून तशाच होत्या, आणि पुन्हा गावात दगडफेक सुरू झाली होती. एसटी बंद, दुकानांची शटरं खाली. घरचं बघायला सेलूला गेलेला माझा नवरा तिकडेच अडकला. बाहेर एका नावासाठी माणसं माणसांच्या जिवावर उठली होती आणि आत माझी लेकरं बिननावाची पडली होती. त्यांच्या पेटीला चिकटपट्टी होती: बेबी एक, बेबी दोन.

त्या दिवशी पाचवी होती. अत्याबाईंनी कुठून तरी पाटा-वरवंटा मिळवला. व्हरांड्याच्या कोपऱ्यात सटवाई म्हणून मांडला, हळदीकुंकू वाहिलं. दिवा लावणार तेवढ्यात नर्स धावत आली. आत ऑक्सिजन आहे, जाळ करू नका म्हणून ओरडली. अत्याबाईंनी दिवा तसाच न लावता ठेवला, आणि सटवाईनं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलं. मी बघत होते. कागद एकच होता.

"अत्याबाई, दुसरा कागद कुठाय?"

"कशाला? पोराचा मांडला की."

"आणि पोरीचं कोण लिहिणार?"

"पोरीचं काय लिव्हायचं? आली तर लिवंल मागं कोपऱ्यात."

त्यानंतर माझं डोकं फिरलं. पाच दिवस तोंड मिटून बसले होते, ते सगळं वर आलं. मी उठले, टाके ओढले गेले तरी उठले, तो कागद उचलला आणि पाट्यावरच्या त्या वरवंट्याकडे बघून ओरडले, "सटवे! कुठं मेलीस गं? माझी चोळी घातलीस, नवस घेतलास, आणि आता तोंड लपवून बसलीस? सटवे, ये ना समोर!" आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, सटवी म्हणजे देवीही आणि सटवी म्हणजे शिवीही. नळावर बायका भांडतात तेव्हा हाच शब्द पहिला निघतो. मी देवीला तिच्याच नावानं शिवी देत होते. अत्याबाईंनी कानांवर हात ठेवले.

आणि माझ्या पाठीमागून आवाज आला, "ओ! काय झालं ताई? कामून बोलवायलाव?"

मी वळले. दाराशी एक बाई उभी होती. काळीसावळी, माझ्याहून लहान, विटक्या लुगड्याची, काखेला लेकरू, त्याच्या हाताला सलाईनची पट्टी. ते तोंडात पदर घालून चोखत होतं आणि तिच्या पोलक्याला पुढून दुधाचे ओले डाग पडले होते. मी म्हटलं, "तू कोण?" ती म्हणाली, "सटवा. तुमीच हाक मारलीत न्हवं?"

तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आजीनं हिचं नाव सटवाबाई ठेवलेलं. देवगाव फाट्याजवळ राहणारी. लेकराला हगवण लागली म्हणून आणलं होतं आणि बंदमुळे तीही अडकली होती. लेकराची हगवण उताराला लागली होती. हे तिनं सांगितलं, पण माझं निम्मं लक्ष त्या डागांकडेच होतं. लाज नावाची गोष्ट त्या पाच दिवसांत माझ्यातून निघून गेली होती. मी सरळ विचारलं, "दूध देशील? माझी दोघं आत आहेत." तिनं दाराच्या काचेतून पेटीकडे पाहिलं. "अगं माय," म्हणाली, "ही तर मुठीएवढी हाएत." आणि वाटी मागितली.

डॉक्टरांनी तिला तपासलं, खोकला-ताप विचारला आणि चालेल म्हणाले. वाटी उकळून आणली. तेवढ्यात अत्याबाईंनी प्रश्न काढलाच. मला ठाऊक होतं त्या काढणार. "कोणाची गं तू?" त्या दिवसांत, त्या गावात, या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला छाती लागत होती. तिनं लेकराला दुसऱ्या काखेला घेतलं आणि सांगितलं, "जयभीमवाले आमी."

अत्याबाई तिच्यापासून मागे सरल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरीला पाज तिचं. पोराला नको. त्याला पावडर चालू दे." ऐकून मला हसू आलं, रागाचं हसू. यांच्या हिशेबात पोरीचं काही बाटत नव्हतं, कारण पोर बाटण्याइतकीसुद्धा कुणी नव्हती. मी नर्सला सांगितलं, दोघांना द्या. पण मी बाकावर आडवी झाल्यावर अत्याबाईंनी आत जाऊन नर्सला परस्पर सांगितलं की पोराच्या बापाची परवानगी नाही. सकाळी मी हात धुऊन आत गेले तेव्हा दिसलं ते असं: एकाच पेटीत मुलीचं पोट मऊ, ती शांत, ओठ हलवत झोपलेली, आणि तिच्या पायांशी मुलगा, पोट टम्म, कातडी चमकत होती, श्वास घेताना बरगड्या आत जात होत्या.

मी बाहेर येऊन काय बोलले ते सगळं लिहिता येणार नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "तुमच्या वंशाचा दिवा तुम्हीच फुंकायलात, अत्याबाई. मी नाही, देवी नाही, तुम्ही." त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांचं तोंड मी पाहिलं. त्या दुष्ट नव्हत्या. घाबरलेल्या होत्या. त्यांची स्वतःची दोन लेकरं गेलेली आहेत, हे मला ठाऊक होतं. माझ्या जागी कुणी संतबाई असती तर तिला कीव आली असती. मला आली नाही. मी तशीच उभी राहिले. मग त्या उठल्या, उकळलेली वाटी स्वतः उचलली, आणि सटवाच्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वाटी पुढे केली. सटवानं पाठ फिरवली आणि वाटी भरून दिली.

दोन दिवस मुलाचं काही खरं नव्हतं. वाटी आत जायची आणि आम्ही तिघी दाराच्या काचेला डोळे लावून बसायचो. देवाचं नाव घ्यायची सवय, पण ओठांवर यायचं ते नाव आणि समोर बसलेल्या बाईचं नाव एकच. मी म्हणायचे, "सटवाई," आणि ही म्हणायची, "ओ." शेवटी मी नाम घेणंच सोडलं. पहिल्यांदा माझ्याजवळ काहीच उरलं नाही, ना नवस, ना शिवी. तिसऱ्या दिवशी दुपारी सटवा वाटी भरायला आडोशाला गेली आणि जाताना तिनं आपलं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं. "धरा जरा, लय किरकिरायलंय." ते खरंच किरकिरत होतं, मग भोकाडच पसरलं. माझ्या मांडीवर आजवर कुठलंच लेकरू असं हक्कानं रडलं नव्हतं. मी त्याला उचलून खांद्याशी धरलं आणि मला एकदम छातीत कळ आली, चमक निघावी तशी, आणि पोलकं ओलं झालं. मी खुळ्यासारखी बघत राहिले. मग त्या लेकरानंच तोंडानं शोधलं, आणि मी दिलं.

सटवा वाटी घेऊन परत आली तर तिचं लेकरू माझ्या अंगावर पीत होतं आणि मी मोठ्यानं रडत होते. अत्याबाई समोर होत्या. त्यांनी पाहिलं. पुढे येऊन माझ्या पाठीवरून पदर नीट केला.

त्या संध्याकाळी मुलाचं पोट उतरलं. पुढे आम्हाला त्या दवाखान्यात बरेच दिवस काढावे लागले, पण माझं दूध आता दोघांना पुरत होतं. डॉक्टर एकदा भिंतीऐवजी माझ्याकडे बघून म्हणाले, "धरला तग लेकरांनी."

बंद उठला, दुकानं उघडली, आणि सटवाला घरी सोडलं. तिच्या जायच्या दिवशी अत्याबाई बाजारातून खण-नारळ घेऊन आल्या. तांदूळ, हळदीकुंकू, सगळं साग्रसंगीत. तिच्यासमोर वाकल्या आणि म्हणाल्या, "माय, तू सटवाईच. माज्या नातवंडांसाठी देवीच चालून आली." मला मनातून तेच म्हणायचं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्या तोंडून ते ऐकलं आणि मला पुन्हा राग आला. जयभीमवालीचं दूध त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, म्हणून त्या तिची देवी करत होत्या. देवी केली की जात विचारावी लागत नाही, आणि परत कधी घरी बोलवावं लागत नाही.

सटवानं हात मागे घेतले. "न्हाई, आई. आमी देव मानत न्हाई. नाव तेवढं आजीचं हाय, माजा बाप त्यावरून लय चिडला व्हता. आन् मला कुणी पाठवलं न्हाई. माज्या पायानं आले मी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भैन म्हणून देत असाल तर नारळ द्या. घरी थोरली हाय, तिला खोबरं लय आवडतं."

मी नारळ दिला. खण अत्याबाईंच्या हातातच राहिला. फाटकापर्यंत मी तिला सोडायला गेले. मला राहवेना. म्हटलं, "सटवा, त्या दिवशी मी तुला बोलावलं नव्हतं गं. ती शिवी होती." ती थांबली. लेकराचं टोपडं सारखं करत हसली.

"ठावं हाय मला. नळावर काय कमी ऐकलीय? शिवी कळती की."

"मग ओ का दिलीस?"

"इतका जीव तोडून कुणी हाक मारायलंय, आन् कुणीच ओ देईना. म्हणलं, आपलं नाव तर हाय, आपण देऊ."

आणि ती गेली.

मी अजूनही बोरीखाली जाते. दोन्ही लेकरांचं जावळ तिथंच काढलं, आणि पाचवी घरी पुन्हा मांडली तेव्हा दोन कागद ठेवले, ते मीच ठेवले. अत्याबाईंनी दोन्हींना कुंकू लावलं. माझी मुलं आता संसाराला लागली आहेत. माझं देवीशी भांडण मिटलेलं नाही. अर्धवट का दिलीस, या प्रश्नाचं उत्तर तिनं मला दिलेलं नाही आणि मी तो मागेही घेतलेला नाही. मंडळातल्या बायका म्हणतात, राग सोडल्याशिवाय शरण जाता येत नाही. असेल. मला सोडता आला नाही. मला एवढंच सोडता आलं, की हाक आपण मारायची, शिवी देऊन का होईना, पण ओ कुणी द्यायची ते आपण ठरवायचं नाही. तेवढ्यासाठी मी त्या ठाण्यावर डोकं टेकवते, आणि परत येताना देवगाव फाट्यावर उतरते. रस्त्यावरूनच मोठ्यानं हाक मारते, "सटवे!" वस्तीतली नवी माणसं दचकून बघतात, कुणाला शिव्या द्यायली ही बाई म्हणून. आणि आतून आवाज येतो, "ओ!"